पगार ही मेहेरबानी नव्हे

मित्रहो, नमस्कार.

इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली, जमशेदपूर, जिथून कुठून आपण ही व्याख्यानं ऐकता किंवा आता वाचता आहात, त्या सगळ्यांचं स्वागत. मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस. साहजिकच लोकांना माझ्याकडून लढायांच्या गोष्टी हव्या असतात. पण आज लढाईबद्दल बोलायचं नाही. लढणाऱ्याच्या पगाराबद्दल बोलायचं आहे. त्याहून नेमकं सांगायचं तर, हाताखालच्या माणसाला दिलेल्या शब्दाबद्दल, आणि तो शब्द पाळण्यामागे जी श्रद्धा असते तिच्याबद्दल.

हल्ली तरुण व्यवस्थापक भेटतात. ते म्हणतात, ‘सर, यात धर्म कशाला आणता? नेमणूकपत्र आहे, कायदा आहे, कामगार न्यायालय आहे.’ बरोबर आहे. पण पगार ठरावीक तारखेच्या आत द्यावा असं सांगणारा कायदा या देशात १९३६ साली आला. माणसं त्याआधी हजारो वर्षं एकमेकांच्या चाकरीत राहत आली होती. तेव्हा शब्दाला आधार कशाचा होता? देवाच्या भीतीचा, देवाच्या साक्षीचा. तो आधार कुठे टिकला, कुठे कोसळला, हे इतिहासात बघण्यासारखं आहे.

शपथ कोण घेतो?

फौजेत भरती झालेला मुलगा प्रशिक्षण संपलं की कसम परेडला उभा राहतो. समोर राष्ट्रध्वज असतो. पंडितजी, मौलवीसाहेब, ग्रंथी, पाद्री, ज्याचा जो धर्म त्याचा गुरू तिथे हजर असतो. ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथाच्या साक्षीनं मुलं शपथ घेतात : हुकूम मिळेल तिथे जाईन, जमिनीवरून, पाण्यातून, हवेतून; प्राणाची पर्वा करणार नाही. मी हा सोहळा अनेकदा पाहिला आहे. मैदानाच्या कडेला आलेले आईबाप डोळे पुसत असतात.

ही पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. मराठी मुलखात बेलभंडार उचलत. बेलाचं पान महादेवाचं, भंडारा खंडोबाचा. एकदा बेलभंडार झाला की शब्द फिरवायचा नाही. कुणी गंगाजल हातात घेई, कुणी कुराणावर हात ठेवी. ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ हा वाक्प्रचारही त्याच व्यवहारातून आला.

आता एक गोष्ट बघा. मिठाला कोणी जागायचं? ज्यानं खाल्लं त्यानं. ज्यानं वाढलं त्याच्याबद्दल हा वाक्प्रचार काहीच बोलत नाही. शपथ चाकर घेतो, मालक ऐकतो. पण श्रद्धेच्या बाजूनं पाहिलं तर हे अपुरं आहे. देवाला साक्षी ठेवून एखाद्यानं माझ्यासाठी मरायची तयारी दाखवली, आणि मी ती ऐकून घेतली, तर त्याच देवासमोर माझ्याकडूनही काही येणं लागतं. ते तोंडानं बोललं गेलं नाही म्हणून फिटत नाही.

जखम पाहून होन

हे येणं ओळखणारा राजा आपल्याकडे होऊन गेला. कृष्णाजी अनंत सभासद यानं १६९७ साली जिंजीला, म्हणजे आजच्या तमिळनाडूत, शिवाजी महाराजांची बखर लिहिली. त्यात अफझलखानाच्या प्रसंगानंतरची, म्हणजे १६५९ सालची, एक नोंद आहे. आपण सगळे वाघनखं लक्षात ठेवतो आणि ही नोंद विसरतो. लढाई जिंकल्यावर महाराजांनी काय केलं? पडलेल्या माणसांना मुलगे होते, त्यांना चाकरीत घेऊन त्यांचं चालवलं. मुलगा नव्हता तिथे बायकोला निम्मं वेतन बांधून दिलं. जखमी झालेल्यांना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले.

यातले ‘जखम पाहून’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. जखम पाहायची तर कुणीतरी माणसाजवळ जाऊन ती पाहिली पाहिजे. नुसता खजिना उघडून भागत नाही. आज अपंगत्वाची टक्केवारी ठरवणारं वैद्यकीय मंडळ असतं, कुटुंब निवृत्तिवेतन असतं, अनुकंपा नोकरी असते. त्या तिन्ही गोष्टींचं बीज या एका नोंदीत आहे.

त्याच बखरीत दुसरी एक गोष्ट आहे. सैन्याला गावं तोडून न देता वेतन सरकारातून, रोख किंवा वरातेनं, द्यायचं अशी महाराजांची रीत होती. लोक याकडे राजकारण म्हणून पाहतात : वतनदार डोईजड होऊ नयेत म्हणून. ते आहेच. पण त्याचा दुसरा अर्थ असा की शिपायाला दिलेला शब्द थेट राजाचा होता, मधे हात नव्हते. पगार चुकला तर चूक कुणाची हे शिपायाला ठाऊक असे.

हात वाढले, शब्द पातळ झाला

पुढे राजाराम महाराजांच्या काळात, औरंगजेबाशी जीवन-मरणाचा झगडा चालू असताना, खजिन्यात पैसा नव्हता. सरदारांना मुलूख लावून देणं भाग पडलं आणि सरंजाम वाढले. राज्य वाचलं, हे खरं. पण आता शिपायाचा पगार राजाकडून सरदाराकडे, सरदाराकडून पथक्याकडे आणि मग शिपायाकडे असा यायला लागला. वाटेत तो अडायला लागला. पैसा सावकाराच्या घरून येई, आणि सावकार थांबला की फौज थांबे.

थोरले बाजीराव चाळीस वर्षांच्या आयुष्यात एकही मोठी लढाई हरले नाहीत. त्याच बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांचे पाय धरून धरून जीव मेटाकुटीला आल्याचं गाऱ्हाणं आहे. गुरूपाशी माणूस खरं बोलतो. नर्मदेपलीकडे धडक मारणाऱ्या सेनापतीला रात्री झोप कशानं लागत नव्हती? शिपायांची देणी भागवायला काढलेल्या कर्जानं. थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये थेऊरला अखेरच्या दुखण्यात जी कलमं लिहून ठेवली, त्यांतही कर्ज फेडण्याची काळजी आहे. मृत्यू दारात असताना ते गणपतीसमोर पडून होते आणि डोक्यात हिशोब होता. मी याला श्रद्धाच म्हणतो. देणं ठेवून जाऊ नये, ही आपल्या घराघरातली शिकवण त्यांनी राज्याच्या पातळीवर पाळायचा प्रयत्न केला.

माधवराव गेले १८ नोव्हेंबर १७७२ ला. वर्षही झालं नाही तोच, ३० ऑगस्ट १७७३ ला, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारदी शनिवारवाड्यात शिरले आणि अठरा वर्षांच्या नारायणरावांचा खून झाला. ‘ध’ चा ‘मा’ ही कथा आपल्याला पाठ आहे. कटामागे राजकारण होतं, यात शंका नाही. पण एक शिपाई म्हणून माझं लक्ष दुसरीकडे जातं. गारदी वाड्यात शिरले ते कोणत्या निमित्तानं? थकलेला पगार मागण्याच्या. हत्यारबंद माणसं गलका करत राज्यकर्त्याच्या घरात घुसतात आणि निमित्त म्हणून पगाराची थकबाकी चालून जाते, याचा अर्थ काय? मला वाटतं, असा गलका पुण्याला नवा राहिला नव्हता. रोज तुंबणाऱ्या पगारानं त्या खुनाला आडोसा पुरवला.

दारात बसलेला उपाशी माणूस

पगार थकला की शिपायाच्या हातात एक हत्यार होतं : धरणं. आजचं धरणं म्हणजे मांडव, फलक आणि घोषणा. तेव्हाचं धरणं धर्माचा भाग होतं. ज्याचं येणं असे तो देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसे. आणि तो बसला आहे तोवर आतल्या माणसानंही जेवायचं नाही, असा रिवाज होता. दारातला माणूस मेला तर त्याचं पाप घरमालकाच्या माथी. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं अशी धरणी डोळ्यांनी पाहून पत्रांत लिहून ठेवली आहेत. शिपाई कारभाऱ्याच्या दारात बसले आहेत आणि कारभाऱ्याचं जेवण अडलं आहे.

इंग्रजांना ही रीत जंगली वाटली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत त्यांनी कलम ५०८ घातलं : अमुक कर किंवा करू नकोस, नाहीतर तुझ्यावर देवाचा कोप होईल, अशी समजूत करून देऊन कुणाकडून काही करवून घेणं हा गुन्हा. आणि त्या कलमाखाली उदाहरण कोणतं दिलं आहे, तर दारात धरणं धरून बसणाऱ्या माणसाचं.

कायदा योग्यच होता. उपासानं माणसं मरू नयेत. पण त्या रिवाजात एक समज होती ती हरवू नये असं मला वाटतं. ती अशी की कामगाराची भूक आणि मालकाचं ताट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. त्याचा पगार अडला असताना आपल्या घशाखाली घास उतरू नये. आज दारात कुणी बसत नाही, म्हणून घास उतरतो.

मित्र आणि मेहेर

आता थोडं धर्मग्रंथांकडे वळू. सुरुवातीला मी आपल्याला ‘मित्रहो’ म्हटलं. हा शब्द आला कुठून? ऋग्वेदात मित्र ही देवता आहे, वरुणाच्या जोडीला असणारी. तीच देवता इराणमध्ये अवेस्तात ‘मिथ्र’ नावानं येते, आणि तिथे त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘करार’ असा आहे. दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द, आणि त्या शब्दाची राखण करणारा देव, दोघांचं नाव एकच. अवेस्तातलं या देवतेचं स्तोत्र म्हणजे मेहेर यश्त. त्यातली शिकवण कडक आहे. करार सज्जनाशी असो की दुर्जनाशी, पाळलाच पाहिजे. समोरचा वाईट होता ही सबब चालत नाही. वंदिदादच्या चौथ्या अध्यायात करारांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतली पहिली पायरी नुसत्या तोंडच्या शब्दाची आहे. सही नाही, साक्षीदार नाही, तरी तो करारच.

हा ‘मिथ्र’ पुढे फारसीत ‘मेहेर’ झाला. त्याचा अर्थ हळूहळू माया, स्नेह असा बदलत गेला. त्यातून ‘मेहेरबान’ आणि ‘मेहेरबानी’ हे शब्द आले आणि मराठीत रुळले. गंमत पाहा : ज्या शब्दाच्या मुळाशी बंधनकारक करार आहे, तो आज आपण उपकार या अर्थानं वापरतो. ‘साहेबांच्या मेहेरबानीनं बोनस मिळाला,’ असं म्हणतो. शब्दाचं मूळ विचाराल तर ते उलट सांगेल. बोनस कबूल केला होता ना? मग ती मेहेरबानी नाही, ते मेहेर आहे, दिलेला शब्द आहे.

हे एकाच धर्माचं सांगणं नाही. फौजेच्या तुकडीत सर्व धर्म स्थळ असतं, एका छपराखाली सगळे देव. तिथे बसून मी हे ऐकलं आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवा, ही इस्लामची शिकवण. मजुराच्या दिवसाच्या कमाईवर मालकानं रात्र उलटू देऊ नये, हे बायबलच्या जुन्या करारात आहे. आणि मराठीत त्या ग्रंथाला ‘करार’च म्हणतात. गुरू नानकांनी श्रीमंत मलिक भागोचं जेवण नाकारून सुतारकाम करणाऱ्या भाई लालोची भाकरी पत्करली, ही कथा प्रत्येक शीख जवानाला ठाऊक असते. भागोच्या पक्वान्नात दुसऱ्यांच्या कष्टाचं रक्त होतं, असं ती कथा सांगते.

नागपूर ते जमशेदपूर

ही शिकवण कारखान्यात उतरली तर कशी दिसते, याचं एक उदाहरण देतो. नवसारीच्या एका पारशी पुरोहित घराण्यातला नसरवानजी हा मुलगा पिढीजात भिक्षुकी सोडून व्यापारात पडला. त्याचा मुलगा जमशेटजी टाटा. जमशेटजींनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. वैदर्भीय मंडळींना ती जागा सांगायला नको.

मिल चालू झाली, पण माणसं कामावर टिकेनात. वाटेल तेव्हा यायची, घरात चार पैसे असले की घरीच राहायची. इतर मालक अशा वेळी दंड करत. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी यांनी उलटा विचार केला : हा माणूस उद्याचा भरवसा नाही म्हणून आजचं पाहतो, तर त्याला उद्याचा भरवसा देऊ. १८८६ साली तिथे निवृत्तिवेतनाचा फंड सुरू झाला. १८९५ पासून कामावर अपघात झाल्यास भरपाई मिळू लागली. देशात कामगार भरपाईचा कायदा १९२३ साली आला. म्हणजे नागपूरच्या मिलमध्ये तो शब्द कायद्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी दिला गेला होता.

जमशेटजी १९०४ मध्ये वारले. पोलादाचा कारखाना त्यांनी पाहिला नाही. पण १९०२ साली मुलाला, दोराबजींना, लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या न वसलेल्या गावाचा नकाशा शब्दांत काढला होता : रुंद रस्ते, लवकर वाढणारी सावलीची झाडं, खेळाची मैदानं, आणि हिंदूंची मंदिरं, मुसलमानांच्या मशिदी, ख्रिश्चनांची चर्चेस यांसाठी राखलेली जागा. कामगार यायच्या आधी त्याच्या देवाची जागा ठरली होती. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, १९१२ मध्ये साकचीला पोलादाचा पहिला रस आला आणि त्याच वर्षी तिथे आठ तासांची पाळी ठरली. १९१५ मध्ये मोफत औषधोपचार आणि १९२० मध्ये भविष्य निर्वाह निधी व भरपगारी रजा लागू झाली. देशभरासाठी भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली आला.

आता १९२४ सालाकडे या. महायुद्धानंतर कारखान्याचा मोठा विस्तार काढला होता, त्याचा खर्च हाताबाहेर गेला. बाहेरचं स्वस्त पोलाद बाजारात ओतलं जात होतं. मोठं गिऱ्हाईक होतं जपान, आणि १९२३ च्या भूकंपानं तेच कोसळलं होतं. अशात एके दिवशी जमशेदपूरहून मुंबईला तार आली : पगाराला पैसे नाहीत.

दोराबजींपुढे मार्ग बरेच होते. पगार पुढे ढकलता आला असता. कंपनी बुडते आहे, सगळ्यांनी थोडं सोसा, असं म्हणता आलं असतं. आणि ते खोटंही नव्हतं. त्यांनी आपली सगळी खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेत, म्हणजे आजच्या स्टेट बँकेच्या पूर्वज बँकेत, तारण ठेवली. त्यात पत्नीचा ज्युबिली हिराही होता. २४५ कॅरेटचा हा हिरा आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. या तारणावर एक कोटी रुपयांचं कर्ज मिळालं आणि कारखाना तगला. सरकारनंही त्याच वर्षी देशी पोलादाला संरक्षण देणारा कायदा केला. पुढे कारखाना सावरला आणि तारण सुटलं.

त्या पत्नीचं नाव होतं मेहेरबाई. नाव ठेवणाऱ्यांना पुढचं काही ठाऊक नव्हतं. पण पारशी परंपरेत मेहेर म्हणजे कराराची राखण करणारा देव, हे आपण आत्ताच पाहिलं. दोराबजींनी हे सगळं केवळ धर्मापोटी केलं असा दावा मी करणार नाही. बापाचं स्वप्न, घराण्याची पत, उद्योजकाची जिद्द, सगळंच त्यात असणार. मात्र शब्द अडचणीत आला तेव्हा तो सोडवायला आधी आपल्या घरातलं काढायचं, हा संस्कार एका दिवसात येत नाही. मेहेरबाई १९३१ मध्ये आणि दोराबजी १९३२ मध्ये गेले. मग तो हिरा विकला गेला आणि पैसा त्यांच्या न्यासाकडे आला. १९४१ मध्ये मुंबईत परळला उभं राहिलेलं टाटा मेमोरियल रुग्णालय त्याच न्यासाचं काम. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातलं माणूस तिथे उपचार घेऊन आलं असेल.

दुसरी बाजू

आता नाण्याची दुसरी बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर हा इतिहास न राहता आरती होईल.

याच जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ साली मोठे संप झाले. १९२० च्या संपात गोळीबार झाला, कामगार मेले. १९२८ चा तंटा महिनोन्‌महिने चालला आणि मिटवायला सुभाषबाबू आले. म्हणजे सगळ्याच सवलती मालकाच्या अंतःकरणातून उगवल्या असं नाही. काही कामगारांनी झगडून मिळवल्या. माझ्या मते यात दोराबजींचं मोठेपण कमी होत नाही. पण चांगला मालक आहे म्हणून कामगारानं गप्प बसावं, असा अर्थ कुणी काढू नये.

आणि मुळशी. पुण्याची मंडळी विसरलेली नाहीत. टाटांच्याच वीज कंपनीच्या धरणाखाली मुळशी पेट्यातली मावळी गावं जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट पुढे होते, तुरुंगात गेले. धरण झालं. १९२४ हेच ते साल, ज्या सुमारास मुळशीचा लढा हरला आणि जमशेदपूरच्या पगारासाठी हिरा तारण गेला. घराणं तेच, काळ तोच. जमशेदपूरचा कामगार पटावर होता, म्हणून त्याला दिलेला शब्द होता. मुळशीचा मावळा पटावर नव्हता. त्याच्याशी करार नव्हता, फक्त भूसंपादनाची नोटीस होती.

श्रद्धेची खरी कसोटी मला इथे दिसते. करारातल्या माणसाला दिलेला शब्द पाळणं कठीण असतंच. पण ज्याच्याशी करार केलेलाच नाही आणि तरीही ज्याच्या जिवावर आपलं काम चालणार आहे, त्याचं काय? आजच्या भाषेत त्याला कंत्राटी म्हणतात.

तारीख सांगा

निवृत्तीनंतर मी काही वर्षं दुसऱ्या राज्यात एका खासगी कंपनीत प्रशासनाचं काम पाहिलं. तिथले पहारेकरी ठेकेदारामार्फत होते. एका दिवाळीला त्यांचा पगार अडला. ठेकेदार म्हणे, कंपनीनं बिल दिलं नाही. लेखा विभाग म्हणे, मंजुरी वरून आली नाही. वरचे म्हणत, ठेकेदारानं आपल्या खिशातून द्यायला हवं होतं. प्रत्येक जण आपल्यापुरता खरं बोलत होता. माझ्या डोळ्यांसमोर सरंजामी फौज आली : हात वाढले, शब्द पातळ झाला. फाटकावरचा एक वयस्क पहारेकरी, माजी सैनिक, मला शांतपणे म्हणाला, “साहेब, पैसे मिळतील हो. तारीख सांगा. घरी तारीख सांगायची आहे.” त्याचं दुःख पैशापेक्षा तारखेचं होतं. घरी शब्द देता येत नव्हता, कारण त्याला कुणी शब्द देत नव्हतं. तारीख ठरवून घेतली, लिहून फाटकावर लावली, त्या तारखेला पैसे झाले. दिवाळी मात्र निघून गेली होती.

फौजेत यासाठी एक साधी रीत आहे. कमांडिंग ऑफिसर ठरावीक मुदतीनं सैनिक संमेलन घेतो, ज्याला आम्ही दरबार म्हणतो. जवान उभा राहून आपली अडचण मांडतो, तिला ‘पॉइंट’ म्हणतात. आणि नव्या दरबारात नवे पॉइंट घेण्याआधी जुन्यांचं काय झालं ते वाचून दाखवावं लागतं. सगळ्या तुकडीसमोर. ‘मागच्या वेळी कबूल केलं होतं, झालं नाही, कारण असं, आता अमुक तारखेला होईल.’ हे उभं राहून सांगताना ऑफिसरला घाम फुटतो, आणि तो फुटलाच पाहिजे. डेहराडूनच्या अकादमीत १९३२ साली चेटवुड यांनी घालून दिलेला क्रम प्रत्येक ऑफिसर शिकतो : आधी देश, मग हाताखालची माणसं, सगळ्यात शेवटी आपली स्वतःची सोय. तो क्रम दरबारात तपासला जातो.

रजेचंही तसंच. बर्फातल्या चौकीवर असलेल्या जवानाला ‘बहिणीच्या लग्नाला तुला सोडतो’ असं म्हटलं की ती तारीख त्याच्या घरी पत्रिकेवर छापली जाते. म्हणून जाणते कमांडर रजेचा शब्द पटकन देत नसत. आधी रजापट पाहत, वाट कधी बंद होते ते पाहत, बदली माणूस कुठून येईल ते पाहत, आणि मग बोलत. शब्द पाळायचा असेल तर तो देतानाच हिशोब करावा लागतो.

संत एकनाथांची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या घरी राहून ते हिशोब लिहीत. एका पैची चूक सापडेना, म्हणून रात्रभर जागले, आणि सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, तर अशीच लगन देवाकडे लाव. ही कथा आपण नेहमी देवाच्या बाजूनं सांगतो. मी ती हिशोबाच्या बाजूनंही ऐकतो. त्या मुलाची परमार्थाची तयारी वहीतच झाली होती.

तेव्हा आपल्यापैकी जे कुणी चार माणसांचे साहेब असाल, मग कंपनी मोठी असो की घरात काम करणाऱ्या एक मावशी असोत, त्यांना माझी विनंती एवढीच. या आठवड्यात एक कागद घ्या. त्यावर आपण तोंडी कबूल केलेल्या गोष्टी लिहा : पगारवाढ, सुट्टी, मुलाच्या फीसाठी उचल, ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून ठेवलेलं काहीही. प्रत्येकीपुढे तारीख घाला. जी होणार नाही तिच्यापुढे ‘होणार नाही’ असं लिहा आणि ते त्या माणसाला जाऊन स्वतः सांगा. मग तो कागद देवघरात ठेवा. ज्यांच्याकडे देवघर नाही त्यांनी रोज नजर पडेल अशा जागी ठेवावा.

पुढच्या भागात आपण पेशवाईतल्या सावकारांकडे वळू. ज्यांच्या कर्जावर हा सगळा डोलारा उभा होता, त्यांच्या बाजूनंही एकदा बघायला हवं.

जय हिंद.